धागा: घाटमाथ्यावर आरटीकेची उंची का फुगते, आणि दुपारी फिक्स का सुटतो?

माणदेशी_मोजणी

सातारा-सांगली पट्ट्यात आरटीकेने, म्हणजे माहीत जागेवरच्या बेस रिसीव्हरशी तुलना करून फिरत्या रोव्हरचे स्थान जागेवरच सेंटीमीटरपर्यंत काढत, काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. दोन लक्षणे आहेत.

पहिले: बेस सातारा शहरात, सुमारे ६५० मीटर उंचीवर. रोव्हर कासच्या बाजूला, १२५० मीटरच्या आसपास. हवाई अंतर १५ ते २० किलोमीटर. फिक्स (उपग्रहापर्यंतच्या पूर्ण तरंगांची संख्या निश्चित होणे) पक्का, रेशो (त्या उत्तराच्या खात्रीचा आकडा) चांगला. तरीही पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत रोव्हरची उंची ऑटोलेव्हलने (दुर्बिणीच्या समतलन यंत्राने) नेलेल्या उंचीपेक्षा ५-६ सेंटीमीटर जास्त येते. उन्हाळ्यात हा फरक बराच कमी होतो.

दुसरे: आटपाडी-जत भागात २५ किलोमीटरची बेसलाइन (बेस ते रोव्हर अंतर). इथे चढ-उतार फारसा नाही. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुपारी १ ते ४ फिक्स लागत नाही, लागला तर टिकत नाही. सकाळी ८ ला तोच बिंदू अर्ध्या मिनिटात फिक्स होतो.

रिसीव्हर एल१/एल२ (दोन वारंवारतांचा), चारही उपग्रहप्रणाली चालू, मास्क (ज्याखालचे उपग्रह सोडून देतो तो कोन) १५ अंश. दोन्हीचे कारण एकच की वेगवेगळे? दुरुस्ती रोव्हरच्या सेटिंगमध्ये करायची की नंतर प्रोसेसिंगमध्ये?

---

सह्यकडा

दोन वेगळी कारणे आहेत, त्यामुळे उपायही वेगळे. कासचा फरक तपांबराचा, म्हणजे ट्रोपोचा, हवामान घडते त्या खालच्या थराचा. जतचा त्रास आयनांबराचा, म्हणजे खूप वरच्या विद्युतभारित थराचा. मी फक्त पहिल्याबद्दल लिहितो.

तपांबरातला विलंब वारंवारतेवर अवलंबून नसतो. एल१, एल२, एल५ सगळ्यांना सारखाच उशीर होतो, म्हणून दोन वारंवारता वापरून तो काढता येत नाही. त्याचे दोन भाग. कोरडा भाग हवेच्या दाबावर ठरतो: समुद्रसपाटीला डोक्यावरच्या दिशेने सुमारे २.३ मीटर, दर १ हेक्टोपास्कलला २.३ मिलिमीटर. साताऱ्यात दाब ९३५ च्या आसपास धरला तर २.१३ मीटर, महाबळेश्वरला १.९७ च्या जवळपास. हा भाग मॉडेलने फार चांगला निघतो. ओला भाग बाष्पाचा: कोरड्या हिवाळी हवेत १०-१२ सेंटीमीटर, पावसाळ्यात ३० च्या पुढे. खरी अडचण याचीच, कारण बाष्प थराथराने आणि तासातासाला बदलते.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पाऊस पडतोय म्हणून सिग्नलला उशीर होतो असे नाही. थेंबांचा आणि ढगांचा वाटा अगदी किरकोळ आहे, उशीर करते ती न दिसणारी वाफ. स्वच्छ ऊन पडलेल्या दमट सप्टेंबरातही फरक तेवढाच येऊ शकतो.

आता तुमचा हिशेब. बेस आणि रोव्हर एकाच उंचीवर असते तर दोघांचा विलंब जवळपास सारखा असता आणि वजाबाकीत गेला असता. इथे मध्ये ६०० मीटरचा हवेचा थर आहे, तो फक्त बेसच्या वर आहे. त्याचा कोरडा विलंब साधारण १५ सेंटीमीटर. रोव्हरचे सॉफ्टवेअर हा थर प्रमाण वातावरण धरून काढते: समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस, दर किलोमीटरला ६.५ अंशांनी घट, आर्द्रता ठरावीक. त्या हिशेबात ६५० मीटरवर ११ अंश आणि १२५० मीटरवर ७ अंश तापमान निघते. आपल्याकडे पावसाळ्यात तिथे २५ आणि २१ अंश असते, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर.

सास्तामोइनेनच्या (तपांबराच्या विलंबाच्या) सूत्रात हे आकडे घातले की:

मॉडेलप्रमाणे दोन ठिकाणच्या ओल्या विलंबातला फरक: सुमारे २ सेंटीमीटर
खऱ्या दमट हवेत: सुमारे ४.५ सेंटीमीटर
हवा गरम, म्हणून विरळ. कोरड्या भागातली घट मॉडेलपेक्षा सुमारे ०.६ सेंटीमीटरने कमी

म्हणजे निव्वळ शिल्लक चूक २ सेंटीमीटरच्या जवळपास, तीही डोक्यावरच्या दिशेने मोजलेली. तिरप्या उपग्रहांसाठी ती वाढत जाते: ३० अंशांवर दुप्पट, १५ अंशांवर पावणेचार-पट. उपग्रह फक्त वरच्या बाजूला असल्यामुळे ही चूक आडव्या स्थानात न जाता उंचीत जाते, आणि १५-२० अंशांच्या मास्कला मोठी होऊन, अडीच ते तीन पटीने उतरते. उत्तर ५-६ सेंटीमीटर. रोव्हरपर्यंतची अंतरे गणितात प्रत्यक्षापेक्षा आखूड ठरतात, म्हणून रोव्हर उपग्रहांच्या जवळ, म्हणजे उंच दिसतो. तुमच्या फरकाची दिशा आणि आकडा दोन्ही जुळतात.

---

कृष्णाकाठ_संगीता

सह्यकडा दादा, मग सेटिंगमध्ये खरा दाब, तापमान, आर्द्रता भरली तर? पोस्ट-प्रोसेसिंगच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते.

---

सह्यकडा

दाब भरा, पण स्टेशनवरचा. हवामानाच्या बुलेटिनमधला किंवा मोबाइलच्या हवामान-अ‍ॅपमधला दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला नेलेला असतो. साताऱ्यासाठी १००८ भरला आणि खरा ९३५ असला तर ७३ हेक्टोपास्कलची चूक, म्हणजे कोरड्या विलंबात १६-१७ सेंटीमीटर. एका टोकाला असा आणि दुसऱ्या टोकाला खरा दाब भरला तर उंची पार बिघडते.

आर्द्रता मात्र भरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीपासून दीड मीटरवरची आर्द्रता वरच्या थरांबद्दल फार थोडे सांगते. सकाळी धुके असेल तर मीटर १०० टक्के दाखवतो, आणि पाचशे मीटर वर हवा कोरडी असू शकते. त्यापेक्षा दाब-तापमान जीपीटी३ सारख्या जागतिक मॉडेलमधून घ्यावे आणि ओला भाग अज्ञात राशी म्हणून निरीक्षणांतूनच काढावा.

---

आयनांबर_१७उत्तर

आता दुसरे लक्षण. यावर सविस्तर लिहितो, कारण आपल्या अक्षांशावर आयनांबर वेगळे वागते आणि युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतले ठोकताळे इथे चालत नाहीत.

मूळ सूत्र: विलंब (मीटर) = ४०.३ × टीईसी ÷ वारंवारतेचा वर्ग. टीईसी म्हणजे सिग्नलच्या वाटेवरच्या एक चौरस मीटरच्या स्तंभातले एकूण इलेक्ट्रॉन. १ टीईसीयू म्हणजे १० चा १६ वा घात इतके इलेक्ट्रॉन. एका टीईसीयूला विलंब असा येतो:

एल१ (१५७५.४२ मेगाहर्ट्झ): १६.२ सेंटीमीटर
एल२ (१२२७.६०): २६.७ सेंटीमीटर
एल५ (११७६.४५): २९.१ सेंटीमीटर
नाविकचा (भारतीय उपग्रहप्रणालीचा) एस बँड (२४९२.०२८): ६.५ सेंटीमीटर

कोड (सिग्नलवर चढवलेला संकेत) उशिरा येतो, कॅरिअर फेज (वाहक तरंगाची कला) तेवढीच पुढे सरकते. आकडा तोच, चिन्ह उलटे. स्वतःची स्क्रिप्ट लिहिताना सर्वात जास्त चुका इथे होतात.

सौरचक्र २५ चा कळस २०२४ मध्ये आला. अशा वर्षांत विषुवदिनाच्या आसपास दुपारी आपल्याकडे ८० टीईसीयू उभा टीईसी ही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे एल१ वर १३ मीटर. ३० अंशांवरच्या उपग्रहासाठी तो पावणेदोन पट, जवळपास २३ मीटर.

पण आरटीकेला एकूण आकड्याशी घेणे नाही, बेस आणि रोव्हरमधल्या फरकाशी आहे, आणि आपला भाग इथेच अडचणीचा आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरून दोन उंचवटे तयार करतात. उत्तरेचा उंचवटा साधारण अहमदाबाद-भोपाळच्या रेषेत. सातारा १७.७ उत्तर, सांगली १६.९. आपण बरोबर उतारावर आहोत.

पुढचा हिशेब नीट पाहा. आयनांबर ३५० किलोमीटरवरचा पातळ थर धरला, तर ३० अंशांवरच्या उपग्रहाचा सिग्नल तो थर आपल्यापासून सुमारे ५३५ किलोमीटरवर छेदतो आणि १५ अंशांवरचा सुमारे ९७० किलोमीटरवर. साताऱ्यातून उत्तरेला १५ अंशांवर दिसणाऱ्या उपग्रहाचा छेदबिंदू राजस्थानवर, उंचवट्याच्याही पलीकडे पडतो. दक्षिणेला त्याच कोनावरचा छेदबिंदू ९ अंश उत्तर अक्षांशाजवळ, चुंबकीय विषुववृत्ताच्या लगत. एकाच क्षणी एकच रोव्हर टीईसीचा अख्खा डोंगर या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहतो. बेस २५ किलोमीटर सरकला की प्रत्येक छेदबिंदू २५ किलोमीटर सरकतो आणि प्रत्येक उपग्रहाला वेगळी शिल्लक चूक मिळते.

मध्य अक्षांशांवर १-२ पीपीएम धरतात, म्हणजे २५ किलोमीटरला २.५ ते ५ सेंटीमीटर. आपल्याकडे दुपारी तीव्र उताराच्या दिवशी ती १० पीपीएमच्या घरात जाऊ शकते, म्हणजे २५ सेंटीमीटर. एल१ ची तरंगलांबी १९ सेंटीमीटर आहे. शिल्लक चूक एका तरंगापेक्षा मोठी झाली की पूर्णांक कुठला धरायचा हे गणिताला ठरवता येत नाही. फिक्स सुटतो. कधीकधी त्याहून वाईट होते, चुकीचा फिक्स लागतो. रेशो ३ च्या वर आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

कामाच्या गोष्टी:

वेळ. टीईसी पहाटे सर्वात कमी असतो, सूर्योदयानंतर चढतो. स्थानिक दुपारी २ म्हणजे आपल्या घड्याळात सुमारे २:३४, कारण आपण ८२.५ पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला आहोत. कळस साधारण २ ते ४ मध्ये. नियंत्रणबिंदू सकाळी ७ ते १०:३० मध्ये घ्यावेत. तपशीलाचे बिंदू दुपारी घेतले तरी बेसलाइन ८-१० किलोमीटरच्या आत.

पुनर्मोजणी. प्रत्येक नियंत्रणबिंदू किमान दोनदा, मध्ये तास-दीड तासाचे अंतर, आणि दुसऱ्यांदा रिसीव्हर रीसेट करून. पाच मिनिटांनी पुन्हा घेतलेले वाचन तपासणी होत नाही. उपग्रह आणि आयनांबर दोन्ही तेच असतात.

मास्क. दुपारी फिक्ससाठी १५ वरून २० वर न्यावा, उपग्रह पुरेसे असतील तर. खालचे उपग्रह सर्वात लांबचा छेदबिंदू घेऊन येतात.

---

वारणा_ड्रोन

एकेरी वारंवारतेच्या रिसीव्हरचे काय? फवारणीच्या ड्रोनवर आणि ट्रॅक्टरवर अजून एल१-मात्र मॉड्यूल बरीच आहेत. वाळवा-तासगाव भागात उसाच्या सरीला आणि द्राक्षाच्या ओळीला मीटरभराची अचूकता पुरते. गगन (उपग्रहावरून दुरुस्त्या पाठवणारी भारतीय सेवा) चालू केल्यावर काही वेळा सुधारणा दिसते, काही वेळा नाही.

---

आयनांबर_१७उत्तर

एल१-मात्र रिसीव्हरकडे तीन पर्याय.

क्लोबुचर: जीपीएसच्या संदेशातले ८ गुणांक. रात्री सरळ ५ नॅनोसेकंद, म्हणजे दीड मीटर, आणि दिवसा दुपारी २ ला कळस असलेला अर्धा कोसाइन. सरासरीने निम्मी चूक जाते. अक्षांशानुसार तो इतका सौम्य बदलतो की आपल्याकडचा उंचवटा-दरी त्याला पकडता येत नाही.

नेक्विक-जी: गॅलिलिओच्या संदेशातले ३ गुणांक घेऊन चालणारे त्रिमितीय मॉडेल. विषुववृत्तीय पट्ट्यात क्लोबुचरपेक्षा बरे. रिसीव्हरमध्ये असेल तर वापरा.

गगन: इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची सेवा, सिग्नल जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ वरून, पीआरएन (उपग्रहाचा संकेतक्रमांक) १२७, १२८ आणि १३२. मॉड्यूलच्या एसबीएएस (गगनसारख्या उपग्रह-दुरुस्ती सेवांच्या) यादीत हे क्रमांक निवडले आहेत का ते आधी पाहा. कित्येक मॉड्यूल अमेरिकी किंवा युरोपी पीआरएन शोधत बसतात आणि पडद्यावर फक्त ‘एसबीएएस चालू’ दिसते.

गगन आयनांबराचा विलंब ५ अंशांच्या जाळीवर पाठवते. सातारा-सांगलीचा बहुतेक भाग १५-२० उत्तर, ७०-७५ पूर्व या चौकटीत आहे. तिचे पश्चिमेचे दोन्ही कोपरे अरबी समुद्रात पडतात. ५ अंश म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. त्या अंतरात उताराची वळणे सरळ रेषेने जोडली जातात, म्हणून तीव्र दिवसांत दुपारी तुम्हाला सुधारणा कमी दिसते. तरी सरीसाठी क्लोबुचरपेक्षा गगन केव्हाही निवडावे.

एक काळजी घ्या: गगनच्या दुरुस्त्या एकत्र घ्यायच्या असतात. घड्याळ-कक्षेची दुरुस्ती गगनची, आयनांबराची क्लोबुचरची अशी सरमिसळ केली तर हिशेब जुळत नाही.

---

कृष्णाकाठ_संगीता

दोन वारंवारता असताना आयनांबर-मुक्त जोडणी का वापरत नाहीत? तिथे तर मॉडेलचा प्रश्नच उरत नाही.

---

आयनांबर_१७उत्तर

ताई, वापरतात, पण किंमत मोजून. एल१/एल२ साठी गुणांक २.५४६ आणि −१.५४६. त्यामुळे मोजणीतला गोंगाट आणि परावर्तनाची चूक जवळपास तिप्पट होते. एल१/एल५ साठी २.२६१ आणि −१.२६१, गोंगाट २.६ पट. शिवाय या जोडणीच्या संदिग्धतेला (अज्ञात तरंगसंख्येला) पूर्णांक गुणधर्म सरळ मिळत नाही. आधी ८६ सेंटीमीटर तरंगलांबीची वाइडलेन (एल१ आणि एल२ फेजची वजाबाकी) सोडवावी लागते, मग एल१ ची. ५-१० किलोमीटरच्या आत ही जोडणी वापरणे तोट्याचे. तिथे एल१ आणि एल२ वेगवेगळे सोडवावेत. ५० किलोमीटरच्या पुढे स्टॅटिकमध्ये (रिसीव्हर एका जागी बराच वेळ ठेवून) तिला पर्याय नाही. मधल्या पट्ट्यात प्रत्येक उपग्रहाचा तिरपा टीईसी अज्ञात धरून काढणे सर्वात चांगले.

नाविकचा उल्लेख इथे आवश्यक आहे. एल५ आणि एस बँडच्या वारंवारता इतक्या दूर आहेत की गुणांक १.२८७ आणि −०.२८७ येतात आणि गोंगाट फक्त १.३ पट होतो. गणिताच्या दृष्टीने ही फार सुंदर जोडी आहे. पण एस बँड घेणारे रिसीव्हर मोजणीच्या बाजारात सहज मिळत नाहीत आणि त्याच्या शेजारीच वाय-फायची गर्दी आहे. केवळ एल५ घेणाऱ्यांसाठी नाविक स्वतःची जाळीवरची आयनांबर दुरुस्ती पाठवते.

---

माणदेशी_मोजणी

बरेच उलगडले. आरटीकेलिब सॉफ्टवेअरमध्ये २५ किलोमीटरची जतची बेसलाइन कशी मांडावी, कोणी सेटिंग देईल का?

---

रायनेक्स_कराड

देतो. मोड स्टॅटिक. वारंवारता एल१+एल२. मास्क १५. आयनांबर: ‘एस्टिमेट एसटीईसी’ (तिरपा टीईसी काढणे), ब्रॉडकास्ट नको. तपांबर: ‘एस्टिमेट झेडटीडी’ (डोक्यावरच्या दिशेचा एकूण विलंब काढणे). उपग्रहकक्षा: प्रिसाइज, आयजीएस या जागतिक उपग्रह-मोजणी सेवेची फाइल घालून. संदिग्धता: आधी ‘कंटिन्युअस’, दुपारचे सत्र असेल तर ‘फिक्स अँड होल्ड’ टाळा, कारण एकदा चुकीचा पूर्णांक धरला की तो सोडत नाही.

प्रोसेस नॉइज (राशीला बदलायला दिलेली मुभा): आयनांबरासाठी मूळ किंमत दर १० किलोमीटरला ०.००१ मीटर असते. ती शांत मध्य अक्षांशासाठी ठीक. आपल्याकडे दुपारी तीन-चार पट वाढवून पाहा. झेडटीडीसाठी ०.०००१ आहे तशीच ठेवा, ती तासाला सुमारे ६ मिलिमीटर बदल मुभा देते.

सत्राची लांबी सकाळी दीड-दोन तास, दुपारी घ्यावेच लागले तर चार. आयोनेक्सचे जागतिक टीईसी नकाशे घालून फारसा फायदा होणार नाही: त्यांची जाळी अडीच अंश बाय पाच अंश, नेमकेपणा काही टीईसीयू. २५ किलोमीटरमधला उतार त्यात दिसत नाही. एल१-मात्र जुना डेटा सोडवायचा असेल तर मात्र ते उपयोगी. त्यांच्याशिवाय एल१ ची बेसलाइन आखूड निघते.

सत्र वापरण्याजोगे आहे का हे आधी तपासा. रायनेक्स (निरीक्षणांच्या) फाइलमधून प्रत्येक उपग्रहासाठी एल१ आणि एल२ फेज मीटरमध्ये आणा, वजाबाकी करा, ०.१०५ ने भागा. तिरप्या टीईसीतला बदल टीईसीयूमध्ये मिळतो. दर मिनिटाचा बदल काढा आणि पाच-पाच मिनिटांचे प्रमाण विचलन घ्या. ३० अंशांच्या वरच्या उपग्रहांसाठी ते ०.५ च्या वर गेले की त्या उपग्रहाचा तो तुकडा वगळा. स्प्रेडशीटमध्येही होते. यात सायकल स्लिप (लॉक तुटून तरंगांच्या मोजणीत पडलेली उडी) आधी काढावी लागते, नाहीतर प्रत्येक उडी टीईसीचा झटका म्हणून मोजली जाते.

---

आयनांबर_१७उत्तर

रायनेक्सभाऊंच्या तपासणीला जोड: ०.५ च्या वरचे आकडे मुख्यतः सूर्यास्तानंतर दिसतील, साधारण रात्री ८ ते मध्यरात्र, पुन्हा मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तेव्हा खालच्या आयनांबरातून विरळ प्लाझ्माचे फुगे वर चढतात आणि सिग्नल लुकलुकतो. दुपारच्या उतारापेक्षा हे वेगळे. दुपारी सिग्नल मजबूत असतो पण फरक मोठा. रात्री सिग्नलची ताकदच खाली-वर होते आणि लॉक तुटतो, एल२ आणि एल५ चा आधी. रात्रभर स्टॅटिक लावून निश्चिंत होणाऱ्यांनी मध्यरात्रीनंतरचा तुकडा घ्यावा.

केपी (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा) निर्देशांक कमी आहे म्हणून रात्र शांत असेल असे समजू नका. हे फुगे चुंबकीय वादळ नसतानाही येतात. १० मे २०२४ सारख्या मोठ्या वादळाच्या दिवसासाठी केपी पाहा. रोजच्या नियोजनासाठी महिना आणि घड्याळ जास्त उपयोगी.

---

माणदेशी_मोजणी

शेवटचा प्रश्न कासचा. स्वतःचा बेस सोडून सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (कायम चालणाऱ्या बेस स्टेशनांच्या) जाळ्यावरून व्हीआरएस (आभासी बेस) घेतला तर उंचीचा फरक जाईल का? व्हीआरएस तर रोव्हरच्या शेजारीच तयार होतो.

---

सह्यकडा

आयनांबराचा त्रास कमी होईल, कारण जाळे आजूबाजूच्या स्टेशनांमधला उतार काढून वाटून देते. उंचीचा प्रश्न मात्र तसाच राहू शकतो. रोव्हर आपली जागा पाठवतो, सर्व्हर त्या जागी, त्या उंचीला आभासी स्टेशन उभे करतो. पण खऱ्या स्टेशनांपासून त्या उंचीपर्यंतचा थर तिथेही मॉडेलनेच चढावा लागतो. तपांबराची वाटणी बहुतेक वेळा आडव्या प्रतलात होते. भोवतालची स्टेशने ५५०-७०० मीटरवर असतील आणि तुम्ही १२५० वर, तर तो थर कोणत्याच स्टेशनने मोजलेला नसतो. चूक रोव्हरमधून सर्व्हरमध्ये गेली, इतकेच. बेसलाइन शून्याजवळ दिसते म्हणून ती नजरेलाही पडत नाही.

करायचे ते असे. पठारावर एक पक्का बिंदू करा. तिथे आणि साताऱ्याच्या बेसवर एकाच वेळी किमान ६ तास, जमल्यास २४ तास स्टॅटिक, ३० सेकंदांनी नोंद, मास्क ५ ते ७ अंश. इथे मास्क खाली हवा: तिरपे उपग्रह असले तरच उंची आणि झेनिथ विलंब गणितात वेगळे होतात. दोघांची बेसलाइन एकमेकांशी सोडवून झेडटीडी काढायला जाऊ नका, इतक्या जवळच्या बिंदूंचे निरपेक्ष विलंब वेगळे होत नाहीत. दोन्ही फाइली पीपीपीला (बेसशिवाय एकेका बिंदूचे स्थान काढणाऱ्या पद्धतीला) द्या, कॅनडाची सीएसआरएस-पीपीपी सेवा मोफत आहे, आणि प्रत्येक बिंदूचा विलंब स्वतंत्र निघू द्या. किंवा बेंगळुरू-हैदराबादच्या आयजीएस स्टेशनांशी लांब बेसलाइन सोडवा. दोन बिंदूंच्या उंचींची वजाबाकी घ्या आणि पठारावरचा बिंदू साताऱ्याच्या बेसच्या उंचीवरून बांधा.

पीपीपीचे आडवे निर्देशांक थेट मोजणीत वापरू नका. ते निरीक्षणाच्या दिवसाच्या जागतिक चौकटीत असतात आणि भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येला सरकतो. हा फरक वातावरणाच्या खात्यात टाकला जाताना बऱ्याचदा दिसतो.

मग पठारावरचे सगळे काम त्या वरच्या बेसवरून करा. रोव्हर बेसच्या शंभर मीटर वर-खाली राहिला तर दमट हवेतही मॉडेलची शिल्लक चूक ३-४ मिलिमीटर, उंचीत सेंटीमीटरच्या आसपास. ठोसेघर, चाळकेवाडी, पाचगणी, सगळीकडे हाच नियम लावा. म्हैसाळ किंवा टेंभूच्या कालव्यासारख्या कामात, जिथे किलोमीटरला काही सेंटीमीटरचा उतार सांभाळायचा असतो, तिथे उंची ऑटोलेव्हलनेच न्यावी आणि जीएनएसएस फक्त आडव्या स्थानासाठी ठेवावे.

---

रायनेक्स_कराड

अँटेनाचा प्रकार आणि उंची कुठून मोजली, हे पीपीपीला फाइल देण्याआधी रायनेक्सच्या शीर्षभागात तपासा. अँटेनाचे नाव चुकले तर फेज सेंटरची (अँटेनात सिग्नल प्रत्यक्ष मोजला जातो त्या बिंदूची) दुरुस्ती चुकते, आणि ती चूक झेडटीडीत मिसळून उंचीतच काही सेंटीमीटर म्हणून बाहेर येते. फाइल ३० सेकंदांची, एल१ आणि एल२ दोन्ही असलेली, गॅलिलिओसकट द्या. फायनल कक्षांसाठी साधारण दोन आठवडे थांबून पुन्हा एकदा सोडवा आणि तोच आकडा नोंदवा.